टास्मानिया स्वतः गाडी चालवत: आधी दिवेलागणीची वेळ बघा, मग किलोमीटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत पुण्याहून मेलबर्नला बहिणीकडे येताय, सोबत बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आईवडील, आईंचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी. सात रात्री ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटासाठी काढल्यात आणि गाडी भाड्याने घेऊन अख्ख्या बेटाला चक्कर मारायचीय. गूगलवर पूर्ण चक्कर हजार-अकराशे किमी दिसते, पुणे-गोवा तर आपण एका दिवसात मारतो, मग हे पाच दिवसांत उरकून दोन दिवस होबार्टला आराम करता येईल का?

मी मूळची वाईची, गेली पंधरा वर्षं मेलबर्नला आहे, आणि ह्या बेटावर आत्तापर्यंत चौदा वेळा गाडी घेऊन गेलेय. त्यातल्या निम्म्या वेळा कोणाचे ना कोणाचे आईवडील मागच्या सीटवर होते. त्यामुळे तुमचा प्लॅन वाचून आधी आईंचे गुडघेच डोळ्यासमोर आले. गाडी पाच दिवसांत फिरून येईल हो, पण रोज संध्याकाळी अंधारात चालवत मुक्काम गाठायची वेळ येईल, आणि टास्मानियात नेमकं तेच करायचं नसतं.

इथे प्लॅनिंग किलोमीटरवरून करू नका, संध्याकाळकडून उलटं करा. गाडी दिवेलागणीच्या आत मुक्कामी उभी राहिली पाहिजे. मग त्यातून मागे मोजत या, शेवटचा टप्पा किती तासांचा, त्याआधी कुठे थांबायचं, सकाळी किती वाजता निघायचं. हा एकच नियम पाळलात तर बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं.

कारण काय ते नीट सांगते. टास्मानियात रात्री रस्ता जनावरांचा असतो. वॉलबी (कांगारूची छोटी बहीण), पॅडीमेलन (ही छोटी गुबगुबीत वॉलबी, हिची इथली जात आता जगात फक्त टास्मानियातच उरलीय), झाडावरचे पॉसम, वॉम्बॅट, मांजराएवढे मांसाहारी क्वोल, टास्मानियन डेव्हिल, सगळे तिन्हीसांजेला बाहेर पडतात, आणि त्यातले बरेचसे रस्त्याकडेच्या गवतावर चरायला येतात. वॉम्बॅट म्हणजे पंचवीस-तीस किलोचा नुसता घट्ट गोळा, त्याला धडकलात तर गाडीचा खालचा भाग फुटू शकतो. डेव्हिल रंगाने काळा, रस्ता काळा, आणि तो येतो रस्त्यावर मेलेलं जनावर खायला, खाता खाता पुढच्या गाडीखाली स्वतः जातो. आधीच ह्या बिचाऱ्यांवर १९९६ पासून तोंडाच्या गाठीचा एक संसर्गजन्य कॅन्सर पसरलाय, त्यात आपल्या गाड्यांची भर नको. तुम्हाला ठिकठिकाणी पिवळे बोर्ड दिसतील, संध्याकाळ ते पहाट ताशी ६५ च्या आत चालवा असे, ते मनापासून पाळा.

माझ्याकडून काय झालं ते सांगते म्हणजे पटेल. दुसऱ्याच ट्रिपला सासूसासरे सोबत होते, एप्रिलचा पहिला आठवडा. इथे एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, ते माहीत होतं पण हिशोबात धरलंच नाही मी. लेक सेंट क्लेअरला चहा पीत बसलो, अजून वेळ आहे म्हणत, आणि सहाच्या सुमाराला अंधारून आलं तेव्हा क्वीन्सटाऊन अजून तासभर लांब. तो सगळा पट्टा जंगलाचा, मोबाइलला रेंज नाही. एका वळणावर डाव्या बाजूने पॅडीमेलन आली आणि बंपरला आपटली. थांबलो. ती जागच्या जागी गेली होती. पण टॉर्चच्या उजेडात दिसलं की पोटाची पिशवी हलतेय, आत पिल्लू होतं, अंगावर नुकती लव फुटलेलं, डोळे मिटलेले, माझ्या तळहाताएवढं. सासूबाईंनी अंगावरची शाल काढून दिली, त्यात गुंडाळून त्यांनीच ते छातीशी धरलं, पूर्ण तासभर कोणी एक शब्द बोललं नाही. क्वीन्सटाऊनला मोटेलवाल्या बाईंनी प्राणी वाचवणाऱ्यांना फोन केला, सकाळी एक कार्यकर्ती येऊन घेऊन गेली. पिल्लू जगलं की नाही ते कळलं नाही मला.

तेव्हापासून गाडीत एक जुनी सुती उशीची खोळ आणि टॉर्च असतेच. तुम्हीही ठेवा. जनावर समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक मारा, स्टीअरिंग फिरवू नका, लोक मरतात ते झाडावर आपटून. धडक झालीच तर सुरक्षित जागी थांबा, हॅझर्ड लावा, जनावर मेलं असेल तर पिशवी बघा. पिल्लू स्तनाला घट्ट चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही, गाईचं दूध किंवा पाणी पाजायचं नाही, उबेत आणि अंधारात ठेवायचं आणि रेंज आली की वाइल्डलाइफ रेस्क्यूला कळवायचं. होबार्टच्या उत्तरेला ब्रायटनजवळ बोनोराँग म्हणून अभयारण्य आहे, त्यांची चोवीस तास सेवा असते, नंबर आधीच सेव्ह करून ठेवा. आणि शक्य असेल, मागून गाडी येत नसेल, तरच मेलेलं जनावर रस्त्यावरून बाजूला ओढा, म्हणजे डेव्हिल खायला रस्त्यावर येणार नाहीत.

जानेवारीत इथे उन्हाळा, त्यामुळे तुमचं नशीब चांगलं आहे. होबार्टला महिन्याच्या सुरुवातीला सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे आठपर्यंत मुक्कामी पोचलात तरी निवांत. पण छोट्या गावात हॉटेलचं किचन आठलाच बंद होतं, काही ठिकाणी साडेसातला, त्यामुळे मी स्वतः उन्हाळ्यातसुद्धा सहाला पोचायचं असंच धरते. तुमचे कोणी जून-जुलैत जाणार असतील तर त्यांना सांगा की पावणेपाचला सूर्य मावळतो, सगळं गणितच वेगळं.

आता रूट. अख्खी चक्कर सात रात्रीत करू नका, पश्चिम किनारा सोडा. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय कारण पश्चिम माझी सगळ्यात आवडती, पण सात रात्री, पाच माणसं आणि गुडघे, ह्यात ती बसत नाही. विमान मेलबर्नहून लॉन्सेस्टनला घ्या, तासाभराचं आहे, आणि परतीचं होबार्टहून. गाडी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडायची. काही कंपन्या त्याचे जास्तीचे पैसे लावतात काही लावत नाहीत, बुक करतानाच विचारा. मग क्रेडल माउंटनला दोन रात्री, लॉन्सेस्टनला एक, पूर्व किनाऱ्यावर बिशेनोला दोन, होबार्टला दोन. झाल्या सात.

नकाशावर हे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जातं आणि ते मुद्दाम. इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरताना समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो. थांबावंसं वाटलं की डावीकडे इंडिकेटर देऊन सरळ उतरा, समोरून येणारी लेन ओलांडायची भानगड नाही. दिवसातून दहा वेळा थांबणाऱ्या माणसाला ह्याने खूप फरक पडतो.

पहिला दिवस: सकाळचं विमान घ्या, लॉन्सेस्टनला किंवा वाटेत डेलोरेनला किराणा भरा, मग शेफील्ड नावाचं गाव लागतं जिथे भिंतीभिंतीवर चित्रं काढलीत, तिथे पाय मोकळे करा आणि क्रेडलला पोचा. नुसतं चालवणं दोन-सव्वादोन तासांचं. शेवटचा पट्टा घाटासारखा वळणावळणाचा आहे, मुलाला गाडी लागत असेल तर गोळी आधीच.

क्रेडलबद्दल जरा जास्त लिहिते कारण लोक इथेच चुकतात. एक रात्र ठेवतात, त्या दिवशी ढग असतात, डोंगर दिसतच नाही आणि पुढे निघून जातात. क्रेडल माउंटन १,५४५ मीटर उंच आहे आणि पश्चिमेचा सगळा ओला वारा त्याच्यावर येऊन आपटतो, जानेवारीतसुद्धा कधीकधी बर्फ पडतो. दोन रात्री म्हणजे तुमच्या हातात एक संध्याकाळ, एक पूर्ण दिवस आणि एक सकाळ, त्यातला एखादा तास तरी डोंगर डोकं काढतो. डव्ह लेकपर्यंत दिवसा स्वतःची गाडी नेता येत नाही, व्हिजिटर सेंटरपाशी लावायची आणि शटल बसने जायचं. तळ्याभोवतीची पायवाट साधारण सहा किमी, दोन-तीन तास, चढउतार आणि पायऱ्या आहेत, ती तुम्ही, बायको आणि मुलगा करा. आईंसाठी तळ्याच्या काठाशीच बंदिस्त शेड आहे, तिथे बसून अख्खं तळं आणि डोंगर दिसतो, वारा लागत नाही. शटलच्या वाटेवर इंटरप्रिटेशन सेंटरचा थांबा आहे, त्याच्या बाजूला पेन्सिल पाइन धबधब्याचा दहा मिनिटांचा लाकडी रस्ता आहे, तो त्यांना सहज जमेल.

आणि संध्याकाळी रॉनी क्रीक. हे चुकवू नका. शटलचाच थांबा आहे, गवताळ दरी आणि त्यातून फळ्यांची सपाट वाट. पाच-सहानंतर शांत उभे राहा, वॉम्बॅट बिळातून बाहेर येतात आणि चरायला लागतात. आवाज केला नाहीत तर दहा फुटांवर येतात, गवत उपटून चावल्याचा कर्रकर्र आवाज ऐकू येतो, आणि खाता खाता मधेच मागचा पाय वर करून कान खाजवतात. शेवटची शटल किती वाजता ते चढतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा. खायला काही घालू नका, हात लावू नका, मुलाला आधीच बजावून ठेवा. वॉम्बॅटची शी चौकोनी असते, फळीवर, दगडावर ठेवल्यासारखी दिसते, हे दाखवलंत की मुलगा पुढचे दोन दिवस तेच शोधत फिरेल. तिथून वर वाल्डहाइम म्हणून लाकडी घर आहे, मूळ घरासारखंच नंतर पुन्हा बांधलेलं. गुस्ताव वाइनडॉर्फर नावाच्या मूळच्या ऑस्ट्रियन माणसाने १९१२ साली मूळ घर पाहुण्यांसाठी बांधलं, जेव्हा इथे धड रस्ताही नव्हता, आणि हा डोंगर सगळ्यांसाठी राखला जावा म्हणून जन्मभर धडपडला. आज आपण शटलमधे बसून जातो ते अशा माणसांमुळे.

नॅशनल पार्कचा पास आधीच ऑनलाइन काढा. पूर्ण गाडीचा, दोन महिने चालणारा पास मिळतो, गाडीतल्या आठ जणांपर्यंत सगळे त्यात येतात, आणि क्रेडल, फ्रेसिने, माउंट फील्ड सगळीकडे चालतो. एकेका दिवसाचे तिकीट काढत बसलात तर महाग पडेल.

तिसरी रात्र लॉन्सेस्टन. कॅटरॅक्ट गॉर्ज शहरात चालत जाण्याच्या अंतरावर आहे, संध्याकाळी तिथे जा, मोर फिरत असतात. बाकी कपडे धुऊन घ्या, सामान भरा, झोपा.

चौथा दिवस मला फार आवडतो. लॉन्सेस्टनहून बिशेनोला जायचा सरळ रस्ता फिंगलच्या खोऱ्यातून आहे, पण तुम्ही जानेवारीत जाताय तर स्कॉट्सडेलच्या रस्त्याने जा, कारण वाटेत नबोला इथे लॅव्हेंडरची मोठी शेती आहे आणि ती मधल्या डिसेंबरपासून जानेवारी अखेरपर्यंतच फुलते. पुढे वेल्डबरोचा घाट, दोन्ही बाजूंना शेवाळलेली मर्टलची झाडं, दुपारी बारालासुद्धा सावली. मग सेंट हेलेन्स आणि बिनालाँग बे. इथून उत्तरेला सगळा बे ऑफ फायर्स. पांढरी वाळू आणि ग्रॅनाइटचे खडक, त्यावर शेंदरी रंगाचं लायकेन (दगडफूल), अगदी शेंदूर फासलेल्या म्हसोबासारखे दिसतात. नाव मात्र ह्या रंगावरून नाही पडलं. १७७३ मधे टोबायस फर्नो हा इंग्रज कप्तान जहाजातून जाताना त्याला किनाऱ्यावर जागोजाग जाळ दिसले, ते इथल्या मूळ लोकांच्या वस्त्यांचे होते. पुढच्या शंभर वर्षांत त्या लोकांचं काय झालं ते वाचून जा, मग तो किनारा वेगळा दिसतो. बिशेनो तिथून तास-सव्वातास. दोन रात्री तिथेच, म्हणजे सामान सारखं बांधावं लागत नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर छोटे पेंग्विन समुद्रातून घरट्याकडे परततात, त्याची गाइडसोबतची टूर असते, गाडी चालवावी लागत नाही. आधी बुक करा.

पाचवा दिवस फ्रेसिने, बिशेनोहून चाळीसेक मिनिटं. जानेवारीत पार्किंग नऊ-दहापर्यंत भरून जातं, म्हणून आठला तिथे असा. वाइनग्लास बेच्या व्ह्यूपॉइंटला जायला-यायला तास-दीड तास लागतो, पण पायऱ्या खूप आहेत, आईंना नेऊ नका, उत्साहात चढतील आणि उतरताना गुडघे बोलतील. त्यांच्यासाठी केप टूरव्हिल: गाडी अगदी जवळ जाते, वीस मिनिटांची सपाट वाट, दीपगृह, खाली थेट समुद्र, आणि वाइनग्लास बेसुद्धा लांबून दिसतो. दुपारी हनीमून बे नावाच्या छोट्या खाडीत मुलाला डुंबू द्या. पाणी गार असतं, जानेवारीतसुद्धा. आणि ऊन! हवा गार असली तरी इथलं ऊन अतिशय जाळतं, सनस्क्रीन आणि टोपी आपल्यालाही लागते, माझे सासरे "आपल्याला कसलं ऊन" म्हणत बसले आणि दोन दिवसांनी नाकाची साल निघाली.

सहावा दिवस होबार्टकडे, अडीच-तीन तास, वाटेत रिचमंडला थांबा. तिथला दगडी पूल १८२३ ते १८२५ मधे कैद्यांनी बांधला, अजून त्याच्यावरून गाड्या जातात. होबार्टला पोचल्यावर आकाश मोकळं असेल तर लगेच माउंट वेलिंग्टनवर गाडी काढा, मूळ नाव कुनान्यी, १,२७१ मीटर, रस्ता थेट माथ्यापर्यंत आहे. "उद्या जाऊ" म्हणू नका, उद्या ढग असतील. खाली टीशर्ट आणि वर कानटोपी अशी परिस्थिती असते.

सातवा पोर्ट आर्थर. होबार्टहून दीड तास. १८३० ते १८७७ कैद्यांची वसाहत, युनेस्कोच्या यादीत आहे. तिकिटात छोटी बोटीची फेरी येते, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना आतल्या आत न्यायला बॅटरीवरची गाडी असते, काउंटरवर विचारा. एक विनंती. १९९६ च्या एप्रिलमधे इथे एका माणसाने गोळ्या झाडून ३५ जणांना मारलं, त्यानंतर ऑस्ट्रेलियाचे बंदुकीचे कायदे बदलले. तिथे काम करणाऱ्यांना त्याबद्दल विचारू नका, कित्येकांची जवळची माणसं गेलीत. स्मृतिउद्यान आहे, तिथे दोन मिनिटं उभं राहावं. ब्रूनी बेटाचं बरेच जण सुचवतील, सुंदरच आहे, पण केटरिंगहून फेरी, पुढे खडीचे रस्ते, जानेवारीत रांगा, एका दिवसात कोंबू नका.

पोर्ट आर्थरला जायला-यायला रस्ता एकच आहे हे लक्षात ठेवा. २०१३ च्या जानेवारीत वाटेतल्या डनॅली गावाला वणवा लागला, हायवे बंद झाला आणि पलीकडे अडकलेल्या शेकडो लोकांना बोटीतून काढावं लागलं. त्यामुळे कडक उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी सकाळी टासअलर्ट ही सरकारी इशाऱ्यांची साइट बघूनच निघा, आणि वणव्याचा इशारा असेल तर गपचूप होबार्टमधे मोना हे कलेचं म्युझियम बघा.

समजा तीन रात्री वाढवता आल्या, तर मात्र पश्चिम घाला. सुरुवातच होबार्टहून करायची, माउंट फील्डला रसेल धबधबा (व्हीलचेअरसुद्धा जाते अशी वाट), मग लेक सेंट क्लेअर, क्वीन्सटाऊन, स्ट्राहान, साधारण तीनशे किमी पण पूर्ण दिवस धरा. स्ट्राहानला दोन रात्री, मग क्रेडल फक्त दोन तासांवर, तिथून पुढे वरचाच रूट. माझ्यासारखीला हा पट्टा लगेच कळतो. वाईला ऊन आणि पस्तीस किमीवर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, हे बघत मोठी झालेय मी. इथेही तेच: पश्चिमेचे वारे डोंगरावर आपटतात, क्वीन्सटाऊनला वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर आणि पलीकडे होबार्टला जेमतेम सहाशे. क्वीन्सटाऊनला शिरताना वळणावळणाचा उतार आहे आणि आजूबाजूचे डोंगर उघडेबोडके, गुलाबी-पिवळे. तांब्याच्या भट्ट्यांसाठी झाडं तोडली, गंधकाच्या धुराने उरलेली मेली, पावसाने माती वाहून नेली. आणि त्याच रस्त्यावर थोडं आधी तुम्ही फ्रँकलिन नदी ओलांडता, जी धरणाखाली जाणार होती, पण लोक बोटी घेऊन आडवे पडले, तुरुंगात गेले, आणि १ जुलै १९८३ ला हायकोर्टाच्या निकालाने वाचली. एका तासात दोन्ही बघायला मिळतं. ह्या रस्त्यावर टाकी होबार्ट सोडतानाच फुल करा, पुढे पंप कमी आणि लवकर बंद होतात.

गाडीबद्दल. पाच माणसं आणि पाच बॅगा सेडानमधे बसत नाहीत, एसयूव्ही घ्या, फोर बाय फोर नको. करार वाचा: खडीच्या रस्त्यावर विमा चालतो का, आणि रात्री जनावराला धडक बसली तर कोणाच्या खिशातून. बऱ्याच करारांत ह्या दोन्ही गोष्टी बारीक अक्षरात असतात. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स इंग्रजीत असल्याने चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, काउंटरवर वाद नको. बहिणीची गाडी बोटीने न्यायचाही पर्याय आहे, मेलबर्नजवळच्या जिलाँगहून रात्री निघते, सकाळी डेव्हनपोर्ट, तिथून क्रेडल सव्वा तास. जानेवारीत भाड्याच्या गाड्या इतक्या महाग होतात की कधीकधी हेच स्वस्त पडतं. फक्त बास सामुद्रधुनी उथळ आहे त्यामुळे लाटा उसळतात, आईंना बोट लागते का ते बघा.

तुम्ही पुण्यात चालवता म्हणजे हात तयार आहे, पण सवयी बदलाव्या लागतील. हॉर्न वाजवायचा नाही. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. डिपर मारला म्हणजे "मी येतोय" असा अर्थ इथे होत नाही. वेगमर्यादा गावाबाहेर डांबरी रस्त्यावर बोर्ड नसेल तर १००, खडीवर ८०, पण वळणावर जो पिवळ्या बोर्डावर आकडा असतो तोच खरा धरा. मागे तीन-चार गाड्या साचल्या की डावीकडे जागा बघून थांबा आणि त्यांना जाऊ द्या, ते कामावर निघालेले असतात. लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक येतील, त्यांना घाई करायला लावू नका. पश्चिमेला आणि डोंगरात टेल्स्ट्रा ह्या मोबाइल कंपनीची रेंज त्यातल्या त्यात मिळते, नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा.

जेवण. किचन असलेली केबिनच घ्या, कॅरॅव्हॅन पार्कात चांगल्या मिळतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, काहीही मेलबर्नहून नेऊ नका, टास्मानियाचं क्वारंटाइन वेगळं आहे, विमानतळावर कुत्रा येऊन बॅग हुंगतो आणि बॅगेतलं एक सफरचंदसुद्धा चालत नाही. तांदूळ, डाळ, दळलेले मसाले, मेतकूट, भडंग चालतं. आणि भारतातून येताना दुधाची मिठाई आणू नका, पेढे बर्फी सगळं मेलबर्नला कचऱ्यात जाईल, बाकी खायचं जे आणाल ते फॉर्मवर लिहा. केबिनमधे फोडणी देताना खिडकी उघडा आणि पंखा लावा, स्मोक अलार्म वाजला आणि अग्निशामक आलं तर त्याचं बिल येऊ शकतं. जानेवारीत रस्त्याकडेला चेरी, रासबेरी मिळतात, बऱ्याच ठिकाणी माणूस नसतो, नुसता डबा असतो पैसे टाकायला. सुटे पैसे ठेवा जवळ आणि मुलाच्या हातून टाकायला लावा.

बुकिंगचा क्रम उलटा करू नका. सगळे आधी विमान काढतात आणि मग क्रेडलला खोली नाही म्हणून रडतात, तिथे मोजक्याच जागा आहेत. २६ डिसेंबरला सिडनीहून होबार्टपर्यंतच्या शर्यतीच्या बोटी सुटतात, त्यामुळे वर्षअखेरीला होबार्ट तुडुंब असतं, तुम्ही १० तारखेनंतरचं बघा. तेव्हाही शाळांना सुट्टीच असते, म्हणून आजच क्रेडलच्या सलग दोन रात्री कधी मिळतात ते शोधा, मग गाडी, मग बिशेनो, आणि विमान सगळ्यात शेवटी त्या तारखांना जुळवून काढा.